ग्रंथाचे स्वामित्व आणि वाचनाची नैतिकता

मुद्रित ग्रंथ की ई-वाचक, या प्रश्नाची मराठीतील चर्चा बहुधा अभिरुचीच्या आणि सोयीच्या पातळीवर रेंगाळते. एक पक्ष कागदाच्या स्पर्शाचा व गंधाचा दाखला देतो. दुसरा कमी वजनाचा आणि अक्षरे मोठी करता येण्याचा. दोन्ही पक्ष वस्तूच्या गुणधर्मांविषयीच बोलत असतात. या निवडीत नैतिक म्हणता येईल असा प्रश्न वेगळाच आहे : वाचून झालेला ग्रंथ दुसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार कोणाचा?

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावरून सातारा, सांगली, सोलापूरकडे निघालेल्या विद्यार्थ्याच्या पिशवीत अप्पा बळवंत चौकात घेतलेले जुने पुस्तक असते, तेव्हा त्या पुस्तकाचा हा पहिला प्रवास नसतो आणि शेवटचाही नसतो. धाकट्या भावंडाकडे, गावच्या वाचनालयाकडे किंवा पुन्हा रद्दीच्या दुकानाकडे ते जाते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानेही एकदा वितरणात आलेल्या प्रतीवरचा निर्मात्याचा ताबा सैल केला आहे. याच स्थानकाशेजारी २०२४ च्या सप्टेंबरात भुयारी मेट्रो आली. तिच्या डब्यात एखादा प्रवासी तीच संहिता पडद्यावर वाचतो. परंतु त्याने विकत घेतलेला असतो तो ग्रंथ नव्हे, वाचनाचा परवाना.

हा भेद नवा वाटला तरी त्याला पूर्वेतिहास आहे. हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखनिक तेलापासून, पाण्यापासून तिला जपण्याची विनवणी करी, आणि ती मूर्खाच्या हाती देऊ नये असेही बजावी. पोथीला राखणदार होता. वाचनाआधी अधिकाराची चौकशी होती. मुद्रणकलेने ही राखण मोडली. १८३१ साली मुंबईत पंचांग छापणाऱ्या गणपत कृष्णाजींना चरबीविषयीचा आक्षेप टाळण्यासाठी शाईत तूप वापरावे लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. आक्षेप शाईवर होता; पण कोणाच्याही हाती जाऊ शकणाऱ्या प्रतीविषयीची अस्वस्थताही त्यामागे असावी, असे मानण्यास जागा आहे. छापील प्रत वाचकाची जात, वय वा पात्रता विचारत नाही.

ई-वाचकाबरोबर राखणदार परत आला आहे, मात्र तो आता वाचकाच्या घरात राहत नाही. २००९ साली अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या, हक्काविना विकल्या गेलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या व पैसे परत केले. एका विद्यार्थ्याची टिपणे तेवढी उरली. ज्या पानांवर ती होती, ती पाने गेली. वाचन म्हणजे संहितेशी होणारा संवाद, असे मानणाऱ्या समीक्षेने या घटनेकडे थांबून पाहावयास हवे. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने, हक्कभंगाच्या हेतूने असली कुलुपे तोडणे गुन्हा ठरविले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून घेण्याची सोयही अ‍ॅमेझॉनने बंद केली.

एवढ्यावरून मुद्रित ग्रंथ निर्दोष ठरत नाही. आवृत्ती संपलेले मराठी पुस्तक कोणालाच देता येत नाही. अंध वाचकाला छापील पान मुकेच असते. पुस्तकांचे दुकान नसलेल्या तालुक्यात 'प्रतीचे स्वातंत्र्य' ही शब्दांपुरती गोष्ट राहते. २०१६ अखेर किंडलवर मराठी पुस्तके आली, तेव्हा यातील काही अंतर खरोखरच कमी झाले. शिवाय लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी मुक्त होणारी संहिता कुलुपाविना पडद्यावर येते, तेव्हा तिचे दातृत्व कागदालाही साधत नाही : देणाऱ्याकडची प्रत कमी न होता घेणाऱ्याला ती मिळते.

तेव्हा दोष पडद्याचा नाही, कुलुपाचा आहे. वाचक माध्यम निवडतो तेव्हा वाचनानंतरच्या वाचकाशी असलेले आपले नातेही तो निवडत असतो. जे दुसऱ्याला देता येत नाही, ते वाचता येईल. त्याची परंपरा होणे कठीण. हा निकष मान्य केला, तर काही ई-पुस्तके ग्रंथ ठरतील आणि कपाटात कुलूपबंद राहिलेले काही छापील ग्रंथ पुन्हा पोथ्या ठरतील.