तिसरा पक्ष

बारामतीहून भिगवणमार्गे इंदापूरकडे निघाले, की उसाच्या फडांपलीकडे अधूनमधून पाण्याचा एक रुंद, करडा पट्टा दिसू लागतो. हे भीमेचे अडविलेले पाणी. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि नदीचा सागर झाला. त्याला नावही ‘यशवंतसागर’ असेच मिळाले. या पाण्याने इंदापूर तालुक्याला ऊस दिला, भिगवणला मासळीचा बाजार दिला, कुंभारगाव-डिकसळच्या दलदलीत रोहित पक्ष्यांचे थवे आणले. पळसदेवचे प्राचीन मंदिर मात्र त्याने पोटात घेतले. दुष्काळाच्या वर्षी पाणी ओसरले, की ते पुन्हा डोके वर काढते. आणि नदीच्या दोन काठांवर पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक करीत आलेली गावे या पाण्याने एकमेकांपासून दूर केली. इंदापूर तालुक्यातील कळाशी आणि सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील कुगाव ही अशीच समोरासमोरची गावे. रस्त्याने जावे तर जलाशयाला भला मोठा वळसा पडतो. म्हणून माणसे बोटीत बसतात.

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली एक बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सात जण होते. त्यांतला एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला. उरलेले सहा जण बुडाले. त्यांत एक तरुण दाम्पत्य होते आणि त्यांची दोन चिमुकली मुले होती. आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान पाणी धुंडाळीत राहिले. तिसऱ्या दिवशी मृतदेह हाती लागू लागले. त्याआधी २०१७ च्या एप्रिलअखेरीस याच जलाशयात इंदापूरच्या बाजूला बोट उलटून सोलापूर जिल्ह्यातील चार डॉक्टर दगावले होते.

या दुर्घटनांतील कोणाचा न्यायनिवाडा करावा, किंवा त्या बोटींची कागदपत्रे तपासावीत, असा आमचा हेतू नाही. पण अशी बातमी वाचल्यावर दोन-चार दिवसांनी, हळहळ ओसरली की, एक रुक्ष प्रश्न हमखास पुढे येतो: विमा होता का? हा प्रश्न दिसतो तितका रुक्ष नाही, असे आम्हांला वाटू लागले आहे.

बोटीचा विमा म्हणजे काय, ते आधी पाहू. मालक विमा काढतो तो प्रथम आपल्या मालाचा: बोटीचा सांगाडा, इंजिन, सामानसुमान. बोट फुटली, बुडाली, जळाली, तर त्याची भरपाई. यात दोन पक्ष असतात, मालक आणि कंपनी. त्यांच्या करारात नसलेला, पण त्या बोटीमुळे ज्याचे हातपाय मोडतील किंवा प्राण जाईल, तो तिसरा पक्ष. भाडे देऊन फळीवर बसलेल्या प्रवाशाचीही गणती करारावर सही न केलेल्यांतच. पॉलिसीत त्याच्यासाठी जागा असेल तर त्याच्या घरच्यांना काही मिळेल. नसेल तर मालकाच्या दारात उभे राहावे लागेल, आणि मालकाची बोट तर तळाशी गेलेली असते. केंद्राच्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक बोटींसाठी नोंदणी, तपासणी आणि विमा या गोष्टी आवश्यक ठरविल्या आहेत. कायदा आणि घाट यांच्यामध्ये मात्र आपल्याकडे नेहमीच बरेच पाणी असते.

विम्याच्या अर्जात ‘वापर’ असा एक रकाना असतो. बोट कशासाठी वापरणार? मासेमारीसाठी, घरच्या सहलीसाठी, की भाड्याने माणसे नेण्यासाठी? ज्याला हप्ता कमी हवा, तो ‘मासेमारी’ किंवा ‘खासगी’ असे लिहितो आणि दुसऱ्या दिवशी घाटावर माणसे भरतो. विम्याच्या कायद्याचा पाया ‘परम सद्भाव’ हा आहे. १९६३ च्या भारतीय सागरी विमा कायद्यातही तो स्पष्ट मांडलेला आहे. जोखीम ठरविताना ज्याने फरक पडेल, ते विमा घेणाऱ्याने आपण होऊन सांगितले पाहिजे. सांगितले नाही, तर कंपनी करार रद्द ठरवू शकते. म्हणजे अर्जावर लिहिलेले ते एक खोटे अक्षर वर्षभर निरुपद्रवी पडून राहते आणि वादळाच्या संध्याकाळी जागे होते.

आमचा मुख्य मुद्दा येथेच आहे. आपल्या धर्मग्रामांतील सज्जन कुटुंबांतसुद्धा एक समजूत पक्की आहे: चोरी करू नये, शेजाऱ्याची तर मुळीच करू नये, पण विमा कंपनीला थोडे फसविले तर कोणाचे काय जाते? कंपनीला ना चेहरा, ना चूल, ना मूल. रुग्णालयाचे बिल जरा फुगवून घेतले, जुनी मोडतोड नव्या अपघातात घुसडली, आजार आधीपासून होता हे दडवले. यांतले काही प्रायश्चित्ताच्या वेळी फादरांपुढे आपण सांगतो काय? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात सातव्या आज्ञेखाली खोट्या हुंड्या आणि खोटी बिले यांचा उल्लेख आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाचनात आले असेल. आम्हीही तो उशिराच वाचला, हे कबूल करायला हवे.

पण समजा, कंपनीचे काहीच जात नाही. तरीही त्या खोट्याची किंमत कोणीतरी भरतोच, आणि बहुधा ती भरणारा खोटे बोलणारा नसतो. बारामती-इंदापूर भागात लग्नसराईत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वऱ्हाड बसवून नेताना कोणी पाहिले नाही? ट्रॉलीचा विमा शेतीमालासाठी. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात ठरविले. निकाल कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल. पण ट्रॉली उलटली तर मालकाने न सांगितलेल्या गोष्टीचे प्रायश्चित्त वऱ्हाडातल्या विधवेला घ्यावे लागते. बोटीचेही तसेच. मालक कंपनीशी खोटे बोलला असे आपण म्हणतो. खरे तर तो त्या फळीवर बसलेल्या माणसाशी खोटे बोलला, आणि त्या बिचाऱ्याला ते कधी कळलेही नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायातील जलप्रवास येथे आठवतो. हवा बिघडते आहे, पुढे जाऊ नये, असे बंदिवान पौल सांगत होता. शताधिपतीने मात्र तांडेलावर आणि जहाजाच्या मालकावर अधिक भरवसा ठेवला. ज्याची बोट त्याचे मत वजनदार, ही रीत तेव्हापासूनची. पुढे वादळात खलाशांनी काय केले? पुढच्या बाजूने नांगर टाकण्याचे निमित्त करून त्यांनी लहान होडी पाण्यात सोडली. खरा बेत दोनशे शाहत्तर माणसांना मागे टाकून आपण निसटण्याचा होता. ते निमित्त पौलाने ओळखले आणि शिपायांनी त्या होडीचे दोर कापून टाकले. शेवटी जहाज फुटले, माणसे मात्र सगळी माल्टाच्या किनाऱ्याला लागली. ‘वापर’ या रकान्यातले असत्य हे आम्हांला त्या नांगराच्या निमित्तासारखे वाटते: दिसायला सगळ्यांच्या भल्याचे, पण होडी एकाचीच.

विमा काढणे म्हणजे देवावरचा भरवसा कमी, असे म्हणणारी जुनी माणसे वसईकडे आम्ही पाहिली आहेत. ख्रिस्तसभेलाही या धंद्याविषयी एके काळी संशय होता. तेराव्या शतकात पोप नववे ग्रेगरी यांच्या आज्ञापत्रात, समुद्रावर जाणाऱ्या व्यापाऱ्याला कर्ज देऊन जोखमीपोटी मुद्दलाहून अधिक घेणाऱ्याला व्याजखोर म्हटले आहे. पुढे जिनोव्हासारख्या बंदरांत कर्जापासून वेगळा, निव्वळ जोखमीचा करार रूढ झाला, आणि पेद्रो द सांतारें या पोर्तुगीज कायदेपंडिताचा विम्यावरील ग्रंथ १५५२ साली व्हेनिसला छापला गेला. जोखीम उचलणे हे खरोखरीचे काम आहे आणि त्याला मोल घेता येते, हे धर्मपंडितांनी मान्य केले. अट एकच होती, फसवणूक नको. ही अट दोन्ही बाजूंना लागू आहे, हे सांगायला हवे. बारीक अक्षरांत अपवाद लपवून हप्ता घेणारी आणि दाव्याच्या वेळी तेच अपवाद भिंग लावून दाखविणारी कंपनी परम सद्भावाची भाषा कोणत्या तोंडाने करते? आणि पर्यटनस्थळी जेट स्की भाड्याने देणाऱ्या धनिकाला जो न्याय, तोच थोड्या भाड्यावर माणसे उतरविणाऱ्या नावाड्याला लावताना आमचा हात जरा थबकतो. त्याच्या एका हंगामाच्या कमाईत हप्ता बसतो की नाही, हे विचारल्याविना त्याला खोटारडा म्हणणे सोपे आहे. ज्यांनी धरण बांधले पण पूल बांधला नाही, त्यांनीही ‘वापर’ या रकान्यात काहीतरी दडवले होतेच.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. शेतकऱ्यांसाठी राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. मृत्यूनंतर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. वयाची मर्यादा १० ते ७५ वर्षे. केंद्राच्या वर्षाला २० रुपयांच्या सुरक्षा विम्यात ती १८ ते ७० आहे. मोटार अपघातांच्या कायद्यातील १९९४ च्या परिशिष्टात न कमावणाऱ्याचे मानीव उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरलेले होते. हिशेबाला कोठेतरी रेघ ओढावीच लागते, हे कळते. भरपाई मोजायची ती बुडालेल्या कमाईवरून, आणि मूल काही कमावत नाही. पण त्या संध्याकाळी आईच्या मांडीवर बसून पाणी ओलांडणारी लेकरे कोणत्याच रेघेच्या आत येत नव्हती, आणि त्यांच्यासाठी दावा करणारी आईही त्याच बोटीत होती.

चांगल्या शोमरोन्याने खाणावळवाल्याला दोन दिनार दिले आणि वर सांगितले, की याहून जास्त खर्च आला तर परत येईन तेव्हा देईन. त्याने आकडा घातला नाही. विमा आकडा घातल्याशिवाय चालत नाही, हा त्याचा दोष नव्हे. तो व्यवहार आहे. पण वाटेत पडलेला तो मनुष्य दोघांच्याही हिशेबातला नव्हता, आणि सगळा हिशेब मात्र त्याच्यापायी मांडला गेला.

शिरसोडी आणि कुगाव यांना जोडणाऱ्या पुलाला शासनाने मंजुरी दिली आहे. तो वाहता होईपर्यंत या पाण्यावर बोटी चालणारच. वसईच्या पाचूबंदरावर नवी बोट पाण्यात लोटण्याआधी फादर तिच्यावर पवित्र पाणी शिंपडतात, तेव्हा आम्ही काठावर उभे राहून भक्तिभावाने क्रुसाची खूण करतो. त्या मालकाने अर्जात काय लिहिले आहे, हे त्याला विचारण्याचा विचार आमच्या मनात आजवर कधी आला नव्हता.