जगलेले रोप



गेल्या दोन वर्षांत रामलेच्या आमच्या घरामागे किती रोपे आली आणि किती गेली, याचा हिशेब मी परवा मांडला. मश्तेलातून आणलेला मोगरा पहिल्याच उन्हाळ्यात पिवळा पडला. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. मातीत चुना जास्त असला की मुळांना लोह मिळत नाही. लोहाची तांबडी पूड पाण्यात कालवून घातली, तेव्हा तो सावरला. आंब्याचे कलम गेले, ते माझ्याच चुकीने. अलिबागला पाऊस उकाड्यात पडतो, येथे थंडीत. त्यात मी वरून पाणी घालीत राहिलो आणि मुळे कुजली. विकत घेतलेला कढीपत्ताही सहा महिन्यांत वाळला.

जगला तो दुसरा कढीपत्ता. मावशी अलिबागहून आल्या तेव्हा त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून, साड्यांच्या घडीत लपवून तो आणला. विमानतळावर कोणी पाहिले नाही. घरी आल्यावर सगळे हसले, मीही हसलो. आज तो माझ्या खांद्याला लागतो. बुडाशी फुटलेली दोन पिले मी दोन घरी मोठ्या अभिमानाने दिली.

मग कळले की कढीपत्ता आणि संत्रे एकाच कुळातले. संत्र्या-मोसंब्यांचा एक असाध्य रोग एका बारीक किड्यामार्फत पसरतो, आणि त्या किड्याला कढीपत्त्याची कोवळी पालवी फार आवडते. तेथे तो अंडी घालतो. कढीपत्त्याला त्या रोगाची फारशी बाधा होत नाही. मरते ते शेजारचे झाड. अमेरिकेतील फ्लोरिडात हा किडा १९९८ साली आढळला आणि रोग २००५ साली. २००३-०४ च्या हंगामात तेथे संत्र्यांच्या २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या होत्या. २०२४-२५ मध्ये जेमतेम १ कोटी २० लाख. काही नुकसान वादळांनी केले, पण मुख्य घाव या रोगाचा. इस्रायलमध्येही हा किडा आढळल्याचे २०२२ साली जाहीर झाले. माझ्यासारख्याच कोणाच्या पिशवीतून आला असेल का, हा विचार रात्री डोळा लागू देत नाही.

आमचे एक वडीलधारे स्नेही म्हणतात, "अरे, दोन वर्षांत तुझ्या झाडावर किडा दिसला का? नाही ना? मग गुन्हा कसला?" वरवर बिनतोड वाटते. पण लाल दिव्यात गाडी दामटून सुखरूप घरी पोचलेल्या माणसाला आपण निर्दोष म्हणतो का? त्या दिवशी त्याच्यासमोर कोणी आले नाही, एवढेच. माझ्या रोपावर किडा नव्हता, त्यात माझे पुण्य काय? मी तर पान उलटूनही पाहिले नव्हते. आणि ज्याची बाग जाणार होती त्याला कोणी विचारले होते?

त्यांनी मग तोराचा आधार काढला : वेढा घातलेल्या शहराचीही फळझाडे तोडू नयेत असे द्वारिममध्ये आहे, तू तर घरातले हिरवे झाड उपटायला निघालास. मी म्हटले, दादा, ते वचन फळझाडांचे आहे, आणि फळझाडे आहेत ती पलीकडच्या मोशावातल्या शेतकऱ्याची. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण त्यांना पटले असे मात्र वाटत नाही.

खरे सांगायचे तर झाड उपटणे मला इतके जड गेले नसते. जड गेले ते त्या दोन घरी जाऊन सांगणे. पहिल्या घरी बाईंनी ऐकून घेतले, स्वतः कुदळ आणली आणि रोप मुळासकट पिशवीत बांधून दिले. दुसऱ्या घरी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पोह्यांना फोडणी काय मोहरीचीच देऊ का? तुमचे आधी उपटा, मग माझ्या दारी या."

बरोबरच होते त्यांचे. घरी येऊन मी माझे झाड मुळासकट काढले, पाने तव्यावर कोरडी भाजून डब्यात भरली, बाकीचे पिशवीत घट्ट बांधले. मावशींना अजून कळवलेले नाही. वहिनींकडे शब्बात संपल्यावर पुन्हा जाणार आहे.