आपण जिंकलो!

बँकेत वीस वर्षं काढली की माणसाला एक खोड जडते. जमेची बाजू कुठली आणि नावेची कुठली, हे ठरवल्याशिवाय त्याला कशातच गोडी वाटत नाही. शेजारी सकाळी हसला, तर ते नुसतं हसू नसतं. संध्याकाळी तो शिडी मागायला येतो आणि खातं पुरं होतं. त्यात मी बी. कॉम., तेही सेकंड क्लास. एवढं असून माझ्याच एका खात्यात कित्येक वर्षं अफरातफर चालली होती आणि ती पकडली ऑडिटरने नव्हे, तर आमच्या नववीतल्या कन्येने.

तारीख 30 ऑक्टोबर 2025. महिला विश्वचषकाचा उपान्त्य सामना, नवी मुंबईत, समोर ऑस्ट्रेलिया. मी बँकेतून घरी आलो तेव्हा त्या बायांनी 338 धावा करून ठेवल्या होत्या आणि आमच्या घरी आमटी करपली होती.

इथे एक खुलासा करायला हवा. आमच्या घरात क्रिकेट हा खेळ नसून दोन जिल्ह्यांतला जुना वाद आहे. मी साताऱ्याचा आणि सौ. सांगलीची. स्मृती मंधाना माधवनगरला वाढली, त्यामुळे ती फलंदाजीला आली की सौ.चा पदर कमरेला खोचला जातो. एकदा मी भीत भीत म्हटलं, “अगं, पण तिचा जन्म मुंबईचा ना?” तर म्हणाली, “जन्माचं काय घेऊन बसलात? वाढली कुठं ते बघा!” मी म्हटलं, बरं. पुढे विजय हजाऱ्यांचा विषय निघाला. त्यांनी रणजी गाजवली ती बडोद्याकडून. तर लगेच, “खेळले कुठं त्याचं काय घेऊन बसलात? 1915 साली जन्मले सांगलीत!” एकाच खात्याला दोन व्याजदर लावलेले मी नोकरीत कधी पाहिले नाहीत.

माझा हुकमी पत्ता ठरलेला असतो. 1949 साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले, आणि 1960 सालापर्यंत सांगलीच्या जिल्ह्याचं नाव ‘दक्षिण सातारा’च होतं. म्हणजे मुळात सगळं आमचंच. हे मी म्हटलं की त्या रात्री मला ताक मिळत नाही.

तर सामना. स्मृती 24 धावांवर बाद झाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “गेली तुमची सांगली!” तेवढ्यात फोन वाजला. सांगलीहून मेहुणा. “दाजी, तुम्ही खुर्ची सोडली काय?” सोडली होती. तहान लागली म्हणून पाणी आणायला उठलो होतो. तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात पोचतो न पोचतो, तोच जेमिमा रॉड्रिग्जने चौकार मारला. झालं! “तिथंच उभे राहा!” असा सौ.चा आणि फोनवरून मेहुण्याचा एकमुखी ठराव मंजूर झाला. वाचकहो, 48.3 षटकांपर्यंत मी हातात तांब्या घेऊन उंबऱ्यावर उभा होतो. जेमिमा नाबाद 127. तिला सामनावीर केलं; तांब्याचा कुणी उल्लेखही केला नाही.

विजयाचा फटका बसला आणि मी तांब्यासकट ओरडलो, “जिंकलो! आपण जिंकलो!”

कन्या शांतपणे म्हणाली, “बाबा, बाद झाली तेव्हा ‘तुमची’ होती. आता ‘आपण’ म्हणजे कोण कोण?”

त्या रात्री पाय दुखत होते, झोप येईना. मी मागची खाती काढली. 23 जुलै 2017, लॉर्ड्स, अंतिम सामना. इंग्लंडच्या 228 धावा. आपल्या 3 बाद 191. मग 28 धावांत 7 जणी गेल्या आणि 9 धावांनी सामना गेला. पाहिलंत? 191 होईपर्यंत मी ‘आपल्या’ म्हणालो. आणि हरल्यावर? मला लख्ख आठवलं, मी म्हणालो होतो, “हरल्या त्या. बायकांना असल्या वेळी दडपण पेलत नाही.” नफा आपला, तोटा त्यांचा!

बी. कॉम.ला आम्हाला भागीदारीचा 1932 चा कायदा होता. त्यात एक मौज आहे. अज्ञान व्यक्तीला, म्हणजे वय वर्षं अठराच्या आतल्या पोराला, फक्त फायद्यापुरतं भागीदार करून घेता येतं. नफ्यात त्याचा वाटा. पण पेढी बुडाली तर त्याच्या घरादाराला कुणी हात लावायचा नाही. मी सेहेचाळीस वर्षांचा. क्रिकेटच्या पेढीत मी अज्ञान भागीदार होतो, आणि तेही शब्दाच्या दोन्ही अर्थांनी.

मग ‘आपण’ म्हणायचा हक्क आहे तरी कुणाला? मला खाशाबा जाधव आठवले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आता मी कर्जखात्यात बसतो, म्हणून सांगतो: कुस्ती हे तारण म्हणून कुठल्याही बँकेत चालत नाही. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. आणि परत आल्यावर कुस्त्यांचे फड भरवून ते कर्ज फेडलं! असा कर्जदार मला उभ्या नोकरीत भेटलेला नाही. त्या दिवशी खर्डेकर ‘आपण जिंकलो’ म्हणाले असतील, तर त्यातला ‘आपण’ घराच्या किमतीचा होता. स्मृतीच्या वडिलांना आणि भावालाही तो शोभतो. नऊ वर्षांची पोरगी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात जाते, ती काय नुसत्या टाळ्यांवर?

पण मग आपण सगळ्यांनी घर गहाण टाकायचं काय? तसं असेल तर मैदानं ओस पडतील आणि आमचं कर्जखातं ओसंडून वाहील. मेहुण्याकडे पाहून मला उत्तर सापडलं. 2017 च्या त्या रात्री तो जेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानही उशिरा उघडलं. एक पैसा गुंतवला नाही, पण तोटा मात्र आपल्या नावे लिहून घेतला. मला वाटतं, एवढं भांडवल पुरे. ज्याला हरल्यावर घास जात नाही, त्याने जिंकल्यावर कंदी पेढा खुशाल खावा.

हे एवढं तत्त्वज्ञान झाल्यावर झोप यायला हवी होती. पण आणखी एक व्हाउचर निघालं. दोन वर्षांपूर्वी कन्येने उन्हाळी क्रिकेट शिबिराचा फॉर्म आणला होता. “खेळून कुणाचं पोट भरलंय?” असं म्हणून मी तो परत केला. फी माझ्या स्कूटरच्या विम्याहून कमी होती. दुसऱ्याच्या पोरीला ‘आपली’ म्हणायला मी उंबऱ्यावर उभा राहिलो, आणि आपल्या पोरीचा फॉर्म मात्र उंबऱ्याबाहेर काढला.

2 नोव्हेंबरला अंतिम सामना झाला. दक्षिण आफ्रिकेवर 52 धावांनी विजय, स्मृतीच्या 45. सौ.ने सांगलीचा जयघोष केला. माझ्या ओठावर ‘दक्षिण सातारा’ आलं होतं. पण कन्येने नुसतं पाहिलं, आणि मी पेढा तोंडात घातला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन फॉर्म आणला.

पुढे महिन्या-दोन महिन्यांनी तिचा पहिला सामना झाला. पहाटे उठून स्कूटरवरून सोडलं, कठड्यावर बसलो, खुर्ची बदलायचा प्रश्नच नव्हता. ती पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत. घरी आलो तर मेहुण्याचा फोन, “दाजी, काय झालं?”

“हरलो आपण. शून्यावर गेलो.”

फोन ठेवला आणि मीच दचकलो. ताटावर बसलो, पण घास जाईना. समोर कन्या तिसरी भाकरी कुस्करत होती.

“बाबा, पुढच्या रविवारी आपली मॅच कऱ्हाडला आहे.”

“आपली?”

“मग? सोडायला तुम्हीच येणार ना?”