रोपाचे योगक्षेम

योगक्षेम हा शब्द आम्ही बुवालोक कीर्तनात सहज बोलून जातो. पाठशाळेत गुरुजींनी त्याची फोड करून सांगितली होती. जे नाही ते मिळणे हा योग, आणि मिळालेले राखणे हे क्षेम. देव भक्ताचे दोन्ही वाहतो, असा गीतेचा निर्वाळा आहे. पण आपण हाताने जे लावतो, त्याचे क्षेम कोणी वाहायचे?

काही वर्षांपूर्वी श्रावणात पुण्यात एका सप्ताहाची सांगता झाली. काला वाटून झाल्यावर मंडळी जवळच्या टेकडीवर गेली आणि माझ्या हस्ते पिंपळाची पाच रोपे लागली. टाळ वाजले, फोटो निघाले. तुकोबारायांनी झाडांशी कसे नाते जोडले, हे मी तिथे अर्धा तास सांगितले. पुढल्या श्रावणात गेलो, तो पाच आळी तेवढी उरलेली. टेकडी सरकारची, रोपे संस्थेची, हात बुवांचे. मग चैत्रात पाणी कोणाचे? हे आम्ही कोणी कोणाला विचारलेच नव्हते.

एक विद्वान स्नेही म्हणाले, "बुवा, तुम्ही कर्म केलेत, फळाची चिंता कशाला?" ऐकायला बरे वाटले, पण पटले नाही. फळाची आसक्ती सोडा म्हटले आहे. कर्म अर्धे सोडा असे कुठे म्हटले आहे? पाणी घालणे हे फळ नव्हे, ते कर्मच. पुराणांनी झाडाला पुत्राच्या पंगतीला बसविले. पुत्र जन्माला घालून वाटेवर सोडणाऱ्याला आपण पुण्यवान म्हणतो काय?

पुण्यातच वारज्याची टेकडी आहे. सुमारे १६ हेक्टरांची ही वनखात्याची जमीन ओसाड होती. २०१५ पासून वनखाते, टेरे पॉलिसी सेंटर ही संस्था आणि नागरिक यांनी मिळून तिथे रान उभे केले, तळी केली. ५ जून २०२० रोजी केंद्र सरकारने देशात २०० नगरवने करण्याची योजना सांगितली, तेव्हा याच वनाचा दाखला दिला. जमीन एकाची, पैसा दुसऱ्याचा, श्रम तिसऱ्याचे, असे असूनही ते वाढले. याचे नवल वारकऱ्याला वाटू नये. दिंडीत वीणा एकाच्या गळ्यात असते, पाण्याचा हंडा दुसरीच्या डोक्यावर, चोपदाराची काठी तिसऱ्याच्या हाती. दिंडी सगळ्यांची असते, पण हंडा कोणाकडे हे ठरलेले असते. ते ठरलेले नसले, तर भर उन्हात सगळेच तहानेले राहतील.

प्रेम असले म्हणजे पुरे, असेही नाही बरे का. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्प फार लावले. परदेशचे झाड, भराभर वाढले, टेकड्या हिरव्या दिसू लागल्या. पण इथल्या पाखरांना आणि किड्यामुंग्यांना त्याचा उपयोग थोडा. काही उतार तर मुळात गवताचेच. तिथे दाटीने झाडे लावली की गवतात घरटी करणारे पक्षी बेघर होतात. म्हणून वनस्पती जाणणारा माणूसही सोबत हवा. त्याने "इथे लावू नका" म्हटले, तर कुदळ खाली ठेवायची. हे मात्र आम्हांला जड जाते. पाटीवर नाव लावण्याची हौस तर विचारूच नका. एका रोपाला दोन पाट्या मी या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

आता माझे वय पासष्ट, गुडघे कुरकुरतात. तरी माघ ते ज्येष्ठ दर एकादशीला पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन त्याच टेकडीवर जातो. शेजारची मुले मोठे कॅन उचलतात. वणव्याच्या दिवसांत वाळके गवत कापून आगीला अडसर म्हणून मोकळी पट्टीही काढतात. वनखात्याच्या रखवालदाराला विचारून नवी तीन रोपे लावली आहेत. पिंपळ एकच, दोन कडुनिंब. एका कडुनिंबाला शेळीने तोंड लावले होते, त्याला परवा पुन्हा पालवी दिसली. पुढल्या महिन्यात माझी कीर्तने मराठवाड्यात आहेत. तेवढ्या दोन एकादशींचे पाणी कोणी घालायचे, ते या वेळी निघण्यापूर्वीच ठरविले आहे.