जोखीम कोणाची?

एखाद्या स्टुडिओचा गेम गाजला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. त्याच गेमचा पुढचा भाग काढायचा, नाहीतर कोणी न मागितलेलं काहीतरी करून पाहायचं. साहित्यात वावरणाऱ्या माणसाला याचं उत्तर सोपं वाटतं: पुनरावृत्ती म्हणजे भित्रेपणा, नवं ते धाडस. पण कवीचा प्रयोग फसला तर त्याची स्वतःची दोन वर्षं जातात. स्टुडिओचा फसला तर अनेक घरांचे पगार जातात. दुसऱ्यांच्या पगारावर केलेल्या धाडसाला धाडस म्हणावं का?

म्हणून सावधपणाची बाजू मी हलकी मानत नाही. मात्र ती एका गृहीतकावर उभी आहे: ओळखीचं केलं की नोकऱ्या टिकतात. अमेरिकेतल्या व्होलिशन या स्टुडिओने २०२२ मध्ये आपल्या जुन्या, नावाजलेल्या ‘सेंट्स रो’ मालिकेचाच नवा अवतार आणला. ऑगस्ट २०२३ मध्ये, तीस वर्षांच्या वाटचालीनंतर, स्टुडिओ बंद झाला. टोकियोचा टँगो गेमवर्क्स ‘द ईव्हिल विदिन’ या भयकथेच्या दोन भागांसाठी ओळखला जाई. २०२३ मध्ये त्याने ‘हाय-फाय रश’ काढला: रंगीत, खट्याळ, प्रत्येक ठोसा संगीताच्या तालावर पडणारा. त्याची वाहवा झाली, अ‍ॅनिमेशनसाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला. मे २०२४ मध्ये मालक मायक्रोसॉफ्टने हाही स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढे क्राफ्टनने, म्हणजे आपल्याकडे ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ चालवणाऱ्या कंपनीने, त्यातली काही माणसं आणि त्या गेमचे हक्क घेतले.

एकाने ओळखीची वाट धरली, दुसऱ्याने अनोळखी. दोघांच्याही दाराला कुलूप लागलं. तेव्हा ‘सुरक्षित’ हा शब्द ऐकला की मी विचारते, सुरक्षित कोणासाठी? त्या शब्दाने बहुतेक वेळा भांडवल सांभाळलं जातं आणि नाव मात्र कामगारांचं पुढे केलं जातं.

अनुवादाच्या व्यवहारात हे मी रोज पाहते. दुसऱ्या भाषेत आधीच गाजलेलं पुस्तक असलं की प्रकाशक लगेच होकार देतात. अनोळखी लेखिकेचं नाव काढलं की हिशेब मांडतात. तो हिशेब खोटा नसतो. पण वाचकाला काय आवडेल हे वाचकाच्या आधीच ठरवून टाकलेलं असतं, आणि मला ते खटकतं.

पुढचा भाग काढण्यात मुळात काही गैर नाही. निंटेंडोचा ‘ओकारिना ऑफ टाइम’ १९९८ मध्ये आला आणि अफाट गाजला. त्यानंतर त्याच गेमची थोडी फिरवलेली आवृत्ती काढण्याचा बेत होता. एइजी आओनुमा यांना तो रुचेना. तेव्हा शिगेरू मियामोतो यांनी अट घातली, वर्षभरात नवा गेम करून दाखवा. त्यातून २००० मध्ये ‘मजोराज् मास्क’ आला. वेळ वाचवण्यासाठी जुन्याच आकृत्या वापरल्या, पण तेच चेहरे आता वेगळ्या प्रदेशात वेगळं आयुष्य जगत होते. तीन दिवसांत चंद्र कोसळणार असतो; नायक पुन्हा पहिल्या दिवशी परततो आणि ज्यांना त्याने मदत केली ते त्याला विसरलेले असतात. साहित्य जुनं, प्रश्न नवा. चांगल्या अनुवादकाचं कामही याहून फार निराळं नसतं.

त्या अटीत मला एक नीती दिसते. जोखीम घेऊ दिली, पण तिला मुदत घातली. आणि पैसा मालकाचा होता. ज्याच्याकडे बुडवायला पुरेसं आहे त्याने आधी बुडावं, आणि करणाऱ्यांना फसण्याची मुभा द्यावी. स्टुडिओने माणसांना सुरक्षित ठेवावं. गेम सुरक्षित असण्याची गरज नाही. आज बहुतेक ठिकाणी याच्या नेमकं उलट चालतं, आणि त्याला आपण व्यवहार म्हणतो.