लपवून आणलेली आठवण



मागच्या बैठकीत ठरलं, की यंदा पाच यमांवर एकेका घराने लिहायचं. पुस्तकातलं नको, आपल्या घरात घडलेलं लिहा, असं ताईंनी बजावून सांगितलं होतं. आमच्या घराच्या वाट्याला अस्तेय आलं. अस्तेय म्हणजे चोरी न करणं. आम्हाला वाटलं, चला, सोपा विषय मिळाला. आपण कुठे कुणाचं काही चोरतो? सत्य मिळालेल्यांची खरी पंचाईत! पण लिहायला बसलो आणि समोरच्या शोकेसमधल्या एका रिकाम्या जागेकडे लक्ष गेलं. मग म्हटलं, खरं लिहायचं तर त्या जागेबद्दलच लिहावं लागेल.

गेल्या जानेवारीत आम्ही अंदमानला गेलो होतो. आम्ही म्हणजे घरची पाच माणसं : मुलगा, सून, सात वर्षांची नात, भेलमधून निवृत्त झालेले आजोबा आणि हे लिहिणारी आजी. आम्ही भोपाळची माणसं. पिढ्यान्‌पिढ्या आमचा समुद्र म्हणजे राजा भोजाचा मोठा तलाव. व्हीआयपी रोडवरून पलीकडचा काठ दिसतो, तेवढंच पाणी आम्हाला माहीत. ज्याला दुसरा काठच दिसत नाही असं पाणी पाहून पहिल्या दिवशी आम्ही कोणीच फारसं बोललो नाही.

सेल्युलर जेलपासून सुरुवात केली. मराठी माणूस तिथे सहलीला म्हणून जात नाही, माथा टेकायला जातो. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत इंग्रजांनी हा तुरुंग बांधला. मधे मनोरा आणि त्याच्याभोवती सात लांबलचक इमारती. एका इमारतीच्या कोठडीतून पुढच्या इमारतीची फक्त पाठ दिसते, म्हणजे कैद्याला कैद्याचा चेहरा दिसू नये. आज त्यांतल्या तीनच उभ्या आहेत. साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद कोठडी आणि खूप उंचावर एक झरोका. नात आत गेली, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “आजी, लाइटचं बटण कुठाय?” आम्हाला हसू आलं आणि लगेच थांबलं.

सावरकरांना ४ जुलै १९११ रोजी इथे आणलं. त्यांना लिहायला कागद-पेन्सिल मिळत नव्हती. ते भिंतीवर काट्याने, खिळ्याने ओळी कोरत आणि पाठ करत. भिंतीला पुन्हा चुना लागला की अक्षरं जात. ‘कमला’ हे काव्य असंच त्या तुरुंगात रचलं गेलं आणि डोक्यात साठवून बाहेर आलं. त्या कोठडीतून एक कपटासुद्धा बाहेर आणता येणार नव्हता, तरी केवढं बाहेर आलं! हे आम्ही तिथे ऐकलं, मान डोलावली, डोळे पुसले. आणि तीनच दिवसांनी काय केलं ते पुढे सांगतो.

पुढे बोटीने स्वराज द्वीपला गेलो. पूर्वी त्याला हॅवलॉक म्हणत. राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहिला. तिथे जानेवारीत साडेपाचच्या आतच सूर्य बुडतो, भोपाळपेक्षा बराच आधी. आम्ही सगळे फोन वर धरून उभे होतो. मुलाच्या फोनची बॅटरी संपली म्हणून तो चडफडत वाळूत बसला आणि नुसता बघत राहिला. आज घरी त्या संध्याकाळचा विषय निघाला की आम्ही फोटो शोधतो आणि तो डोळे मिटून सांगतो, की आधी पाणी कसं केशरी झालं, मग जांभळं, आणि एक कुत्रं कसं लाटेवर भुंकत होतं. आमच्या एकाही फोटोत ते कुत्रं नाही.

मग शहीद द्वीप, म्हणजे जुनं नील. तिथे लक्ष्मणपूरच्या बाजूला खडकाची नैसर्गिक कमान आहे. ओहोटी असेल तेव्हाच तिथे चालत जाता येतं. खडकांच्या खळग्यांत पाणी उरलेलं असतं आणि त्यात जिवंत प्रवाळ, छोटे मासे, खेकडे दिसतात. नातीने एक सुंदर शंख उचलला. तो तिच्या तळहातावर चालायला लागला! आत खेकडा होता. हे खेकडे रिकाम्या शंखात राहतात आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधतात. नातीने तो अलगद खाली ठेवला. “इसका घर है ये,” ती म्हणाली. भोपाळची मुलगी, अशा वेळी हिंदीच येतं तिला.

तिने शंख ठेवला आणि आम्ही, सासू आणि सून, दोघींनी मिळून प्रवाळाचा एक पांढरा तुकडा उचलला. हरणाच्या शिंगासारख्या फांद्या, वीतभर लांब. नेऊ नये हे आम्हाला माहीत होतं. १९७२च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे, मेलेला तुकडासुद्धा उचलून नेता येत नाही. सकाळीच गाइडने सांगितलं होतं. “आई, एवढे पडलेत, एकाने काय होतंय?” असं सून म्हणाली आणि आम्ही तिला अडवलं नाही. उलट नातीच्या मोज्यात गुंडाळून तिच्याच छोट्या सॅकमध्ये ठेवायची युक्ती मोठ्या डोक्यातून निघाली.

परतीच्या दिवशी टॅक्सीवाल्या भैयाने सहज विचारलं, “मॅडम, शंख-कोरल तो नहीं रखा ना?” आम्ही दोघी एका सुरात म्हणालो, “नहीं भैया.” नात मधे बसली होती. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा आजीकडे पाहिलं आणि सॅक मांडीवर घट्ट धरली. काही बोलली नाही. ते न बोलणं तिला आम्ही शिकवलं.

तुकडा भोपाळला आला, शोकेसमध्ये बसला. फेब्रुवारीत नातीच्या शाळेत प्रवासातली एक वस्तू दाखवून त्याबद्दल बोलायचं होतं. ती अर्थात प्रवाळ घेऊन निघाली. आम्ही म्हटलं, “तो नको गं, दुसरं काही ने.”

“का? आपली आठवण आहे ना ती?”

“आहे, पण शाळेत नको.”

“मग लपवायची आठवण आहे का?”

साधकहो, या प्रश्नावर आम्ही पाचही जणं गप्प झालो.

त्या रात्री आम्ही आपापसांत बरीच वकिली केली. पहिला मुद्दा असा, की तुकडा मेलेलाच होता, कुणाचं काय नुकसान झालं? पण प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. मोहरीएवढे जीव पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना चिकटून चुन्याचं घर बांधतात. ते मेले तरी घर उरतं. त्याच्या आडोशाला इतर जीव राहतात, आणि शेवटी झिजून त्याची वाळू होते. ज्या वाळूवर आम्ही चटई टाकून बसलो, तिच्यात असेच झिजलेले तुकडे होते. आणि ‘एकाने काय होतं’ हे त्या किनाऱ्यावर येणारा प्रत्येक जण म्हणू शकतो.

दुसरा मुद्दा आजोबांनी काढला आणि तो खरंच अडचणीचा होता. नर्मदेचा गोटा आपण आणतोच की! नर्मदापुरमला जातो, पाण्यात हात घालतो, गोटा उचलतो आणि देवघरात ठेवतो. ती चोरी नाही, मग ही कशी? यावर आम्ही खूप वेळ बोललो. आम्हाला उमगलं ते एवढंच : नर्मदेचा गोटा आणताना कुणी विचारलं तर आपण आनंदाने दाखवतो. तो मोज्यात गुंडाळावा लागत नाही. दिलेलं घेणं हा प्रसाद, आणि जे घेताना मागे वळून बघावं लागतं ती चोरी. हे उत्तर पुरतं आहे असा आमचा दावा नाही. नर्मदेतूनही उद्या सगळ्यांनी पोती भरून गोटे नेले, तर प्रसाद म्हणणं शोभेल का, हा प्रश्न राहतोच. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. पतंजलींनी योगसूत्रांत स्मृती कशाला म्हणावं ते सांगितलं आहे. तिथे ‘असंप्रमोष’ हा शब्द येतो. त्यातला ‘मुष्’ हा धातू चोरण्याचा. म्हणजे जे अनुभवलं ते चोरीला न जाणं, ही स्मृती. अभ्यासवर्गात हे आम्ही वाचलं होतं आणि पुढे सरकलो होतो. आता कळलं. शोकेसमधला तो तुकडा पाहिला की आम्हाला समुद्र आठवतच नसे. टॅक्सी आठवे. भैयाचा आरशातला चेहरा आणि नातीने घट्ट धरलेली सॅक आठवे. आम्ही किनाऱ्यावरून तुकडा चोरला आणि त्या तुकड्याने आमचा किनारा चोरला! तिकडे कोठडीत काहीही हाती नसलेल्या माणसाने सगळं जपलं, आणि आम्ही वस्तू घेऊन आलो ते रिकामेच.

परत समुद्रात सोडावा तर समुद्र हजार कोसांवर. तलावात टाकून पाप धुतलं असं म्हणणं ही दुसरी लबाडी झाली असती. शेवटी आम्ही सासू-सुनेने अर्ज लिहिला, घडलं ते लिहिलं, आणि नातीला बरोबर घेऊन तुकडा वनविभागाच्या कार्यालयात नेऊन दिला. हात कापत होते, खोटं कशाला सांगू! तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून एकदा आमच्याकडे पाहिलं आणि तुकडा ठेवून घेतला. दंड झाला असता तर भरायची तयारी होती.

बाहेर आल्यावर नातीने विचारलं, “आजी, त्या टॅक्सीवाल्या अंकलना पण सांगायचं?” त्यांचा नंबर आमच्याकडे नाही. तेवढं राहिलंच.

शाळेत ती रिकाम्या हाताने गेली. मुठीत शंख धरल्यासारखं केलं आणि तो तळहातावर कसा चालायला लागला ते सांगितलं. बाई म्हणाल्या, सगळ्या वर्गाने आपापला तळहात पाहिला.

शोकेसमधली ती जागा आम्ही मुद्दाम भरलेली नाही. पाहुणे विचारतात, इथे काय होतं? तेव्हा सांगतो.

आपल्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, जिची गोष्ट पाहुण्यांना अर्धीच सांगितली जाते. या आठवड्यात ती एकदा हातात घेऊन पाहावी, एवढीच विनंती. पुढच्या अंकात अपरिग्रहावर दुसरं घर लिहील.

जय गुरुदेव.

— एक सेविका आणि तिच्या घरची मंडळी, भोपाळ