चेंडूवरून उचललेली नजर

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातील क्रिस्टल सिटी या लहानशा गावात बिल ब्रॅडली नावाचा शाळकरी मुलगा बास्केटबॉलचा सराव करताना चष्म्याच्या खालच्या कडेला पुठ्ठा चिकटवून घेत असे. टप्पे देताना चेंडू दिसू नये, एवढाच हेतू. खुर्च्या मांडायच्या, त्यांनाच प्रतिस्पर्धी मानायचे आणि त्यांच्यामधून चेंडू काढायचा. बुटांत शिशाचे तुकडे भरूनही तो सराव करी. शिशाची गोष्ट मेहनतीची आहे आणि तशा गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. पुठ्ठ्याची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. ज्याला चेंडूकडे पाहावे लागत नाही त्याची नजर मोकळी राहते आणि कोणता सहकारी मोकळा उभा आहे ते त्याला दिसते. खेळाडूचे मैदानावरचे यश आणि मैदानाबाहेरचे यश ही दोन वेगळी खाती असल्यासारखे आपण बोलतो. पहिल्यात गुण आणि पदके, दुसऱ्यात अभ्यास आणि समाजकार्य. ब्रॅडलीच्या आयुष्याकडे पाहिले की ही वाटणी टिकत नाही. दोन्हीकडे कामाला आला तो एकच गुण, आपल्या हातातल्या गोष्टीपलीकडे दुसऱ्याकडे लक्ष असण्याचा.

प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संघात तो सामन्यामागे सरासरी तीस गुण करत होता, 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघातही तो होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला बलाढ्य मिशिगनविरुद्ध त्याने एकट्याने 41 गुण केले. सामना संपायला पाचेक मिनिटे उरलेली असताना पाचव्या फाउलमुळे त्याला बाहेर जावे लागले. तेव्हा प्रिन्स्टन 12 गुणांनी पुढे होते, तरी सामना 80-78 असा हरले. एकट्याच्या बळावर उभ्या राहिलेल्या संघाचे काय होते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? पुढे मार्च 1965 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य सामना मिशिगनशीच हरल्यावर तिसऱ्या क्रमांकासाठी प्रिन्स्टनची गाठ विचिटा स्टेटशी पडली. ब्रॅडलीचा हा शेवटचा महाविद्यालयीन सामना. विजय हाताशी आलेला असतानाही तो सवयीप्रमाणे पास देत राहिला. शेवटी सहकारी आणि प्रशिक्षक त्याच्या मागे लागले की आता तूच फेक. त्याने 58 गुण केले. संघ तिसरा आला, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. या 58 चा उल्लेख नेहमी होतो. मला त्याआधीचे पास महत्त्वाचे वाटतात, कारण सहकाऱ्यांनी त्याला चेंडू परत देण्यामागे त्या पासांची पुण्याई होती.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ब्रॅडलीचे वडील बँकर होते. सत्तरच्या वर महाविद्यालयांनी देऊ केलेल्या क्रीडा-शिष्यवृत्त्या नाकारून, जिथे खेळासाठी शिष्यवृत्तीच मिळत नाही अशा प्रिन्स्टनला जाणे त्याला परवडले. त्यात त्याग कसला? मुळीच नाही, आणि शिष्यवृत्तीवाचून ज्याचे शिक्षण थांबेल अशा मुलासमोर हा निर्णय आदर्श म्हणून ठेवणे अन्यायाचे होईल. परंतु लाभात जन्मलेल्या माणसाची परीक्षा वेगळ्या ठिकाणी होते. पुढे न्यूयॉर्क निक्सकडून खेळताना त्याला जाहिरातींचे प्रस्ताव येऊ लागले. आपल्याहून सरस कृष्णवर्णीय सहकारी संघात असताना हे प्रस्ताव आपल्याकडे येतात ते आपण गोरे आहोत म्हणून, हे त्याने ओळखले आणि ते नाकारले. आपल्या वाट्याला आलेल्यातले आपले नेमके किती, हा हिशेब इतक्या सचोटीने करणारी माणसे खेळात काय, राजकारणात काय, थोडीच असतात.

दुसरा आक्षेप असा की खेळ माणूस घडवतो हेच मुळात खरे नाही, कारण उत्तम खेळणारी स्वार्थी माणसेही ढिगाने सापडतात. हे मान्यच करायला हवे. खेळ चारित्र्य देत नाही, रोज त्याचा कस लागेल असे प्रसंग मात्र देतो. शिवाय त्या प्रसंगांचा अर्थ लावायला खेळाडूला वेळ आणि दुसरे काही वाचायला, पाहायला मिळावे लागते. ब्रॅडलीला ते मिळाले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून त्याने हॅरी ट्रुमन यांच्या 1940 मधील सिनेट निवडणुकीवर प्रबंध लिहिला. 1964 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये काम करताना नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये मंजूर होताना त्याने प्रेक्षकांच्या सज्जातून पाहिला. निक्सने निवड केलेली असताना व्यावसायिक खेळ दोन वर्षे लांबवून तो ऑक्सफर्डला शिकायला गेला. नंतर निक्ससोबत 1970 आणि 1973 ची विजेतेपदे आली, आणि 1979 पासून न्यू जर्सीचा सिनेटर म्हणून तीन कार्यकाळ. 1986 च्या करसुधारणेत त्याचा मोठा वाटा होता. खेळातल्या कीर्तीमुळे निवडून येणे सोपे गेले असेल. करप्रणालीसारख्या रुक्ष विषयात वर्षानुवर्षे डोके घालणे कीर्तीने सोपे होत नाही.

म्हणूनच आजच्या अमेरिकी महाविद्यालयीन खेळाबद्दलची हळहळ मला चुकीच्या जागी वाटते. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते, आता विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात, आणि पैशाने खेळ बिघडला असे जुने चाहते म्हणतात. विद्यापीठे आणि दूरचित्रवाहिन्या ज्यांच्या घामावर कमावत होत्या त्यांना वाटा मिळाला, यात बिघडण्यासारखे काही नाही. बिघाड आहे तो वेळेत. प्रक्षेपणाच्या पैशासाठी गटांची फेररचना झाली आणि 2024 पासून प्रशांत किनाऱ्याजवळची स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या गटात खेळू लागली. मधल्या आठवड्यात खंड ओलांडून सामना खेळायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बसायचे, अशा वेळापत्रकात ट्रुमनवरचा प्रबंध कोण लिहिणार? खेळाडूंकडून मैदानाबाहेरच्या कर्तृत्वाची अपेक्षा जरूर ठेवावी, पण आधी हे वेळापत्रक आखणाऱ्या कुलगुरूंना जाब विचारावा.